एंडोमेट्रिओसिसचा त्रास सांभाळताना ठेवलेल्या नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२४

१४ जानेवारी २०२४

सुरुवातीची स्थिती आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदींचा अर्थ लागेल. माझे वय ३४ आहे. राहते भांडुपला आणि नोकरी लोअर परळला, एका कंपनीच्या हिशेब विभागात. रोज धीम्या गाडीने करी रोडपर्यंत जाते आणि तिथून पुढे चालत. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली ती दुखतच. निदान मात्र मार्च २०२३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी झाले. मधल्या काळात "लग्नानंतर थांबेल" आणि लग्नानंतर "एक मूल झाले की बरे वाटेल" ही दोन वाक्ये मी तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत ऐकली. मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि दुखणे आहे तिथेच आहे. पोटावरून केलेल्या दोन सोनोग्राफी "नॉर्मल" आल्या होत्या. तिसरी, योनीमार्गातून केलेली, एका अनुभवी डॉक्टरांनी केली, तेव्हा डाव्या अंडाशयात ३.२ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसली. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे आजार नाही असे नसते, हे मला त्या दिवशी कळले.

डायनोजेस्ट ही हार्मोनची २ मिलिग्रॅमची गोळी पाच महिने रोज घेतली. कळा निम्म्यावर आल्या, पण अधूनमधून डाग पडत राहिले आणि मन इतके खचले की मुलीचा अभ्यास घेतानाही रडू येत असे. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवली. सिस्ट लहान असल्याने तूर्त शस्त्रक्रिया नको, ऑगस्टमध्ये पुन्हा सोनोग्राफी करू आणि तोपर्यंत लक्षणे सांभाळू, असे ठरले. त्यामुळे या नोंदी आजार बरा करण्याच्या नाहीत. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखे जे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढते, ते शेकाने किंवा पथ्याने जात नाही. कामावर जाता यावे, रात्री झोप लागावी आणि मुलीला उचलून घेता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

आज शंभर पानी वही आणली, ४५ रुपये. प्रत्येक पानावर चौदा रकाने आखले: पाळीचा दिवस, तीन वेळचे दुखणे शून्य ते दहा, झोप, शौच, जेवण, पाणी, चालणे, औषध, मनःस्थिती आणि असेच आणखी काही.

२३ जानेवारी

पाळी २१ तारखेला आली. पहिल्याच महिन्यात दोन चुका झाल्या आणि दोन्ही औषधाच्या आहेत.

पहाटे चारला कळा सुरू झाल्या. गोळी जितकी टाळता येईल तितकी टाळायची, ही लहानपणापासूनची शिकवण असल्यामुळे थांबले. अकरा वाजता ऑफिसात घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमीन एकत्र असलेली नेहमीची गोळी घेतली. अर्ध्या तासात फरक पडेना म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडून डायक्लोफिनॅकची गोळी मागून घेतली. पोटात सकाळपासून फक्त चहा होता. बारा वाजता उलटी झाली आणि घरी टॅक्सीने जावे लागले. टॅक्सीचे ६४० रुपये आणि दीड दिवसाची रजा गेली.

आज डॉक्टरांनी नीट समजावले. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होते, त्याने कळा येतात, आणि या गोळ्या ते तयार होण्याचे काम रोखतात. एकदा ते भरपूर तयार झाल्यावर घेतलेली गोळी अपुरी पडते, म्हणून सहन होईनासे होण्याची वाट पाहणे हाच मुळात तोटा आहे. एकाच जातीच्या दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र घेतल्याने परिणाम दुप्पट होत नाही. जठर आणि मूत्रपिंड यांवरचा भार मात्र वाढतो. मला त्यांनी मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, पाळीची चाहूल लागताच, जेवणानंतर, आठ तासांच्या अंतराने, जास्तीत जास्त तीन दिवस, असे लिहून दिले. गेल्या वर्षअखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित काहींना अंगावर पुरळ, ताप आणि गाठी सुजणे अशी गंभीर प्रतिक्रिया येते. तसे दिसले तर गोळी बंद करून लगेच यायचे. हे प्रमाण माझ्या तब्येतीनुसार लिहिलेले आहे. ज्यांना दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी ते उचलू नये.

२८ जानेवारी

चौदा रकान्यांची वही अकराव्या दिवशी बंद पडली. ज्या दिवशी दुखते त्या दिवशी लिहिण्याचे त्राण नसते आणि ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी लिहावेसे वाटत नाही, त्यामुळे नेमके महत्त्वाचे दिवस कोरे राहिले. आज एका कोऱ्या कागदावर कमरेपासून मांड्यांपर्यंतची आकृती काढली, एक समोरची आणि एक पाठमोरी. करी रोड स्टेशनबाहेरच्या दुकानातून तिच्या शंभर झेरॉक्स काढल्या, २०० रुपये. आता दुखेल त्या दिवशी रात्री, जिथे दुखले तिथे ठिपका द्यायचा, शेजारी आकडा आणि दुखणे कसे होते त्याचा एक शब्द. एका मिनिटाच्या वर वेळ लागत नाही.

२० फेब्रुवारी

पाळी १७ तारखेला, शनिवारी. आदल्या रात्री कंबर जड झाल्याबरोबर दोन घास भात खाऊन पहिली गोळी घेतली आणि घड्याळ लावून पुढच्या घेतल्या. पहिल्या दिवशीचा आकडा नेहमी नऊ असतो, या वेळी सहा होता. नोंदी सुरू केल्यापासूनचा सर्वांत मोठा फरक मला या एका बदलाने मिळाला आणि त्याला जास्तीचा एक रुपयाही लागला नाही.

सहावर दुखणे अडून राहिले, तिथून पुढचा प्रश्न सुरू झाला. गोळीने कळा थांबल्या होत्या, तरी पोट ढोलासारखे ताठ होते आणि बसले की बैठकीत खोलवर ओढ लागत होती. तिसऱ्या दिवशी साडीच्या परकराची नाडी बांधता येईना. त्यावर उपाय म्हणून मी दोन्ही रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी पोटावर ठेवून झोपले, पाणी निवले की उठून पुन्हा भरून घेतले.

३ मार्च

त्वचेचा डाग. अंघोळीच्या वेळी ओटीपोटावर तांबूस-तपकिरी जाळी दिसली. मासे पकडण्याच्या जाळ्यासारखी, मधली त्वचा गोरी आणि दोरे काळपट. हाताला काही लागत नव्हते, खाजही नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी विचारले, "शेक किती घेता?" वर्षानुवर्षे एकाच जागी, चटका बसणार नाही इतका पण बराच वेळ शेक घेतल्याने असे होते. शेक थांबवला तर डाग काही महिन्यांत फिका पडतो. चालूच ठेवला तर कायमचा राहू शकतो. तपासणीचे ८०० रुपये.

शेकाचा उपयोग खरा आहे, तो मी सोडणार नाही. नियम मात्र बदलले: पिशवीत उकळते पाणी घालायचे नाही, नळाचे मिसळून घ्यायचे, पिशवीला जाड टॉवेलचे आवरण, एका वेळी वीस मिनिटे, जागा आळीपाळीने पोट आणि कंबर, आणि शेक घेत झोपायचे नाही. शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे. त्यासाठी नवऱ्याला सांगून ठेवले आहे की मला झोप लागली तर पिशवी काढून घ्यायची.

२१ मार्च

पाळी १७ तारखेला येऊन गेली. आज दोन महिन्यांच्या सगळ्या आकृत्या जमिनीवर पसरल्या आणि मुलीचे रंगीत खडू घेऊन बसले. मी आजवर डॉक्टरांना "पाळीत पोट दुखते" एवढेच सांगत आले होते. ठिपक्यांवर रंग भरले तेव्हा दिसले की एकच दुखणे नाही.

लाल: ओटीपोटाच्या मध्यात, मांड्यांत उतरणाऱ्या, लाटेसारख्या कळा. पाळीचे पहिले तीन दिवस फक्त. गोळी आणि शेक यांना दाद देतात.

निळे: बेंबीभोवती आणि दोन्ही कुशींत फुगणे, वायू, ताण. पाळीच्या तीन-चार दिवस आधीपासून, शिवाय महिन्यात अधूनमधून, बहुधा ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवले त्या संध्याकाळी. गोळीला अजिबात दाद देत नाही.

हिरवे: बैठक, माकडहाड, खुब्याच्या आत. पाळीशी थेट संबंध नाही. महिनाअखेरीस हिशेब बंद करताना नऊ-नऊ तास खुर्चीत बसले की हमखास.

दोन ठिपके यांपैकी कशातच बसेनात. पाळीच्या पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी, शौचाला बसल्यावर, मागे खोलवर सुरी फिरल्यासारखी एक कळ. ते काळ्या पेन्सिलने तसेच ठेवले.

यापुढे एका वेळी एकाच रंगावर काम करायचे ठरवले. आजवर मी निळ्या दुखण्यावर लालची गोळी घेत आले आणि उपयोग झाला नाही म्हणून आणखी एक घेत आले.

६ एप्रिल

लालसाठी, गोळ्या कमी करता येतील का हे पाहण्यासाठी, विजेच्या सौम्य लहरींचे यंत्र घ्यायचे ठरवले आणि चुकीचे घेतले. स्वस्तात ८९९ रुपयांना मिळाले. घरी लावून पाहिले तर पोटाचे स्नायू आपोआप आकसू लागले. ते व्यायामाचे, स्नायू आकुंचन पावावेत म्हणून बनवलेले यंत्र होते. ज्या पोटात आधीच कळा येतात त्यावर ते लावणे म्हणजे दुखण्यात भर. विकणाऱ्याने ते परत घेतले नाही. आपल्याला हवे ते टेन्स यंत्र. त्यात स्नायू हलत नाहीत, फक्त मुंग्या आल्यासारखे वाटते. परळच्या वैद्यकीय साहित्याच्या दुकानातून १,८५० रुपयांना घेतले. गरोदरपणात किंवा पेसमेकर असताना हे वापरायचे नसते. तसे काही आहे का, हे दुकानदाराने स्वतःहून विचारले, याचे समाधान वाटले.

१६ एप्रिल

पाळी १३ तारखेला. टेन्स ओटीपोटावर, १०० हर्ट्झच्या आसपास, जोरदार पण सुसह्य मुंग्या येतील इतके. लावलेले असेपर्यंत आकडा सहावरून चारवर येतो. काढले की अर्ध्या तासात परत चढतो. म्हणजे हे गाडीतल्या चाळीस मिनिटांसाठी आणि ऑफिसातल्या एखाद्या बैठकीसाठी आहे, दिवसभरासाठी नाही. चार पाळ्यांत गोळ्या मात्र पहिल्या पाळीतल्या आठ-नऊवरून चार-पाचवर आल्या.

मुंबईचा एप्रिल या यंत्राचा शत्रू आहे. सोमवारी लेडीज डब्यात घाटकोपरला गर्दी चढली, घामाने एक पट्टी सुटली आणि वायर शेजारच्या बाईंच्या पर्सच्या चेनमध्ये अडकली. त्यांनी दचकून विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी काही न बोलता उठून मला खिडकीची जागा दिली. आता पट्ट्या लावण्याआधी त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करते, तेल किंवा पावडर लावत नाही, आणि वायर परकराच्या नेफ्यातून घेते. चिकटणाऱ्या उष्ण पट्ट्याही वापरून पाहिल्या, तीन पट्ट्यांना २४० रुपये. त्या थेट त्वचेवर लावल्यावर घामोळे उठले. आतल्या कपड्यावर बाहेरून लावल्या तर ठीक. ऑक्टोबरपर्यंत त्या बाजूला ठेवल्या आहेत.

२८ एप्रिल

आता हिरवे. जानेवारीपासून मी एका व्हिडिओत पाहून रोज शंभर वेळा ओटीपोटाचा तळ आवळण्याचा व्यायाम करत होते, कारण "बायकांच्या सगळ्या त्रासांवर" तो चांगला असे ऐकले होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेले, ९०० रुपये एका वेळचे. त्यांनी तपासून सांगितले की माझे ते स्नायू सैल नाहीत, उलट वर्षानुवर्षे दुखण्याच्या भीतीने आवळून घट्ट झाले आहेत. त्यांना आणखी आवळणे म्हणजे मुठीला मूठ वळायला सांगणे. तीन महिने मी चुकीचा व्यायाम मनापासून केला होता, आणि हिरवे ठिपके मार्चमध्ये का वाढले ते तिथे कळले.

नवा व्यायाम दिसायला काहीच नाही. उताणे पडून गुडघे वाकवायचे, एक हात बरगडीवर, एक ओटीपोटावर. श्वास आत घेताना पोट वर येऊ द्यायचे आणि बैठकीची दोन हाडे एकमेकांपासून दूर सरकत आहेत असे जाणवू द्यायचे. सोडताना काहीही ओढून घ्यायचे नाही. पहिल्या आठवड्यात मला काहीच जाणवले नाही. नवव्या की दहाव्या दिवशी रात्री, मुलगी शेजारी झोपलेली असताना, खाली काहीतरी सैल पडल्याचे एकदम जाणवले, घट्ट अंबाड्याचा आकडा काढल्यावर डोक्याला वाटते तसे. तेव्हा मला कळले की मी दिवसभर आवळून बसते. सोबत बालासन, आनंद बालासन आणि मांडीखाली उशा घेऊन सुप्त बद्धकोणासन, मिळून पंधरा मिनिटे. ऑफिसात दर पाऊण तासाने उठून पाण्याच्या कूलरपर्यंत जाते. एकूण पाच वेळा त्यांच्याकडे गेले, ४,५०० रुपये. या सगळ्या खर्चांत हा एकच खर्च मी पुन्हा बिनतक्रार करीन.

१५ मे

पाळी १२ तारखेला. आकडा पाच, पण निळे ठिपके दुप्पट आणि काळा ठिपका आठवर. कारण शोधायला दोन दिवस लागले. एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन १०.४ आले म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांनी बद्धकोष्ठ झाले होते. शौचाला त्रास झाला की या आजारात सगळेच दुखणे वाढते. डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली, चहापासून दूर, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, आणि रात्री इसबगोल. लोह बंद करायचे नाही, हेही स्पष्ट सांगितले.

दुसरी दुरुस्ती घरातली. कमोडवर बसताना पायांखाली उंची हवी, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर करावा लागत नाही. माळ्यावरचा जुना पाट काढला, तो फारच बुटका निघाला. पाटावर पाट ठेवला तर ओल्या फरशीवर सरकला आणि पडता पडता वाचले. शेवटी मुलीचे हात धुण्यासाठीचे प्लास्टिकचे छोटे स्टूल, २२ सेंटीमीटर उंच, तेच ठेवले. तिला दुसरे आणून दिले, १८० रुपये.

याच महिन्यात ऑफिसात वरिष्ठ मॅडमना आकृत्या दाखवल्या. आजवर मी "बरे वाटत नाही" म्हणत होते आणि दर महिन्याला बरे न वाटणाऱ्या माणसावर कुणाचा विश्वास बसत नाही. कागद पाहून त्यांनी पाळीच्या पहिल्या दोन दिवशी घरून काम करायची मुभा दिली, महिनाअखेर सोडून.

२२ मे ते २३ जून

निळ्यासाठी जेवणातला बदल. आतड्यात पटकन आंबून वायू करणारे पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक करून परत आणायचे, ही पद्धत. आहारतज्ज्ञांकडे दोनदा गेले, १,४०० रुपये. माझ्या यादीत वर होते कांदा, लसूण, गहू, राजमा-चवळी-वाटाणा आणि दूध.

घरी कसे सांगायचे याची धास्ती होती, कारण आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याशिवाय आमटीसुद्धा होत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "चातुर्मासासारखंच की गं. तू लवकर धरलास, एवढंच." चार महिने कांदा-लसूण न घालता चवीचे रांधायचे हे त्यांच्या हातात आहे, मला नव्याने शिकावे लागले असते. कांदा-लसूण मसाल्याच्या जागी गोडा मसाला आला, वाटणात कांद्याऐवजी भाजलेले सुके खोबरे आणि तीळ. मुगाची पातळ आमटी, भात, ज्वारीची आणि नाचणीची भाकरी, दुधी, पडवळ, भेंडी थोडी. लसणाची चव हवीच असेल तर पाकळ्या तेलात तांबूस करून काढून टाकायच्या. त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. हीच पाकळी आमटीत उकळली तर उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात मी तेवढीच चूक केली.

दहाव्या दिवसापासून संध्याकाळचे फुगणे उतरले. ९ जूनच्या पाळीत परकराची नाडी बांधता आली. मी ते वेगळे लिहून ठेवले आहे.

चूक: चार आठवड्यांनी पदार्थ परत आणायला सुरुवात करायची होती. बरे वाटत होते म्हणून मी ढकलत राहिले. वजन अडीच किलो उतरले, थकवा आला, आणि आहारतज्ज्ञांनी कडक शब्दांत सांगितले की हे पथ्य कायमचे धरायचे नसते.

८ जुलै

काल पाळी आली. रात्रभर पाऊस, शहराच्या काही भागांत सहा तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पडला, रुळांवर पाणी आले आणि गाड्या विस्कळीत झाल्या. आज सगळे ऑफिसच घरून आहे, त्यामुळे मी एकटीच घरी नाही. आकडा पाच, गोळ्या तीन, टेन्स दोनदा. वीज दुपारी तासभर गेली. शेकाची रबरी पिशवी विजेवर चालत नाही, हा तिचा गुण आज कळला.

आजच सर्वोच्च न्यायालयात पाळीच्या रजेची याचिका निकाली निघाली. हा धोरणाचा विषय असून केंद्राने राज्यांशी बोलून आदर्श धोरण ठरवता येईल का ते पाहावे, असे न्यायालयाने म्हटले. सक्तीच्या रजेमुळे बायकांना नोकरी देणेच टाळले जाईल, ही काळजीही बोलून दाखवली. बिहार सरकारने आपल्या कर्मचारी महिलांना महिन्याला दोन दिवसांची अशी रजा १९९२ पासून दिलेली आहे. मला रजेपेक्षा घरून कामाची मुभा अधिक उपयोगी पडली आहे, पण मी संगणकावर काम करते. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या ताईंना घरून काम करता येणार नाही, आणि दुखणे त्यांनाही असेल तर ते तेवढेच असेल.

१७ जुलै

पदार्थ परत आणण्याचे निकाल. गहू: दोन पोळ्यांपर्यंत काही होत नाही; म्हणजे पाच आठवडे पोळी विनाकारण सोडली. दूध: चहापुरते चालते, पेलाभर नाही. वाटाण्याची उसळ: रात्रभर भिजवून, पाणी टाकून, वाटीभरच, पाळीच्या आधीच्या आठवड्यात अजिबात नाही. लसूण: थोडी चालते.

कांद्याची परीक्षा १५ तारखेला झाली. कांदेनवमी होती, सासूबाईंनी कांद्याची भजी आणि कांदा घातलेले भरीत केले होते, पाळीचा नववा दिवस होता, म्हणजे दुसरे कोणतेही कारण मध्ये येण्यासारखे नव्हते. चार भजी आणि डावभर भरीत. साडेतीन तासांनी बेंबीभोवती ताण सुरू झाला आणि रात्री एक वाजता निळा ठिपका सातवर. त्यानंतर शंका उरली नाही. यंदाचा चातुर्मास मीही धरला आहे.

आजवरचा खर्च: साधारण १०,७०० रुपये, त्यात चुकीच्या यंत्राचे ८९९ आणि जानेवारीच्या टॅक्सीचे ६४० वाया गेलेले. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांची फी आणि रक्ततपासण्या यात धरलेल्या नाहीत. गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्याने तो खर्च नगण्य आहे.

८ ऑगस्ट

पाळी ३ तारखेला. लाल चार, निळे तीन, हिरवे दोन. पहिल्या दिवशी मुलीला बसस्टॉपपर्यंत सोडून आले. पोटावरची जाळी अजून दिसते, पण उजेडात नीट पाहिले तरच.

काळा ठिपका सात. फेब्रुवारीपासूनच्या सातही पाळ्यांत तो पहिल्या-दुसऱ्या दिवशी, त्याच जागी आहे. मे महिन्यात आठ होता, बद्धकोष्ठ गेल्यावर सातवर आला आणि तिथेच थांबला. गोळी, टेन्स, श्वास, पथ्य, स्टूल, यांपैकी कशानेही तो हलला नाही.

आज ठरल्याप्रमाणे सोनोग्राफी झाली. सिस्ट ३.४ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. डॉक्टरांनी आकृत्या एकेक करून पाहिल्या आणि काळ्या ठिपक्यांपाशी थांबल्या. "हे मला आधी का नाही सांगितलंत?" असे त्यांनी विचारले. कागदावर वेगळा ठेवला तरी मनात मी त्याला आजवर निळ्यातच धरत होते, आणि शौचाच्या वेळचे दुखणे दवाखान्यात मोठ्याने सांगायची लाजही वाटत होती. आतड्याच्या भिंतीवर हे अस्तर वाढले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर ते घरच्या उपायांनी सांभाळण्याचे दुखणे नव्हे. आधी नीट पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी लगेच दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही, आता चांगल्या एमआरआयवरही बरेच कळते. शौचातून किंवा लघवीतून पाळीच्या दिवसांत रक्त गेले, ताप आला किंवा एका बाजूला अचानक असह्य दुखले, तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे त्यांनी चिठ्ठीवर वेगळे लिहून दिले. हार्मोनच्या दुसऱ्या गोळीबद्दल एमआरआयनंतर बोलू.

एमआरआय २२ तारखेला, पाळीच्या विसाव्या दिवशी. ७,५०० रुपये, सकाळी सव्वासात, चार तास उपाशी. आकृत्यांच्या झेरॉक्स संपत आल्या होत्या; येताना करी रोडला उतरून आणखी शंभर काढल्या.